घाटात टँकर उलटला आणि सगळे ओरडत होते "पाणी मारा"

घाटमाथा | मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, वाचनमात्र होतो इतकी वर्षं, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात महाडहून खेडला येत होतो. बोगद्याने न जाता जुन्या कशेडी घाटाने आलो कारण सौ.ना तिथली भजी लागतात. पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर टँकर कलंडलेला, ड्रायव्हर बाहेर येऊन कठड्याला टेकून बसलेला, पायाला लागलेलं. मागच्या व्हॉल्व्हपाशी पाण्यासारखंच काहीतरी गळत होतं आणि डांबरावर पडलं की तिथून पांढरा धूर, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर येतो ना तसा, पण आग कुठेच नाही. घसा असा खवखवायला लागला की बोलता येईना.

पंधरा-वीस माणसं जमलेली आणि सगळ्यांचं एकच, पाणी मारा पाणी मारा. ड्रायव्हर हिंदीत ओरडत होता पानी मत डालो, पण लोकांना वाटलं बिचारा शॉकमध्ये बडबडतोय. हॉटेलातल्या एका पोराने पिंपातली बादली भरून आणली आणि ओतली. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर चर्र होतं ना, तो आवाज, पण दहा तव्यांचा. धूर भिंतीसारखा उभा राहिला. पोरगं मागे पळालं पण उजव्या हातावर शिंतोडे उडालेच.

आता पुढचं ऐका. त्याच्या हातावर पाणी घालायला मी बाटली उघडली तर त्याच लोकांनी माझा हात धरला! "बघितलं ना पाण्याने काय झालं ते, हाताचा कोळसा होईल." मग कोणी हळद आणली, कोणी टूथपेस्ट. मीही गप्प बसलो, कारण मलाच कळेना. दहा-बारा मिनिटं अशी गेली.

प्रश्न साधा आहे. पाणी घालायचं की नाही?

रिकामटेकडा७७ | रात्री ११:५८

पहिला! भजी मिळाली का ते सांगा आधी.

जुना_फायरमन | बुधवार, सकाळी ६:१०

घाटमाथा, प्रश्न एक नाही, दोन आहेत. सांडलेल्या मालावर पाणी नाही. माणसावर मात्र पाणी, भरपूर, लगेच, कुणी हात धरला तरी. त्या दिवशी दोन्ही उलटं झालं.

टँकरच्या पाटीचा फोटो आहे का? कंपनीचं नाव नको, ते इथे टाकूही नका. मागे आणि दोन्ही बाजूला एक चौकटी पाटी असते, तिच्यावर आकडे असतात ते सांगा.

घाटमाथा | सकाळी ८:३२

फोटो आहे पण चिखल उडालेला. झूम करून दिसतंय ते असं. चौकोन टोकावर उभा केलेला, वरून पांढरा खालून काळा, त्यात हातावर काहीतरी ओततायत असं चित्र. आकडा १७५४. आणि एका कोपऱ्यात ४डब्ल्यूई. फोन नंबरवर नेमका चिखल.

जुना_फायरमन | सकाळी ९:०५

झालं, त्यातच सगळं लिहिलेलं होतं.

१७५४ म्हणजे यूएन नंबर, मालाची जगभर चालणारी ओळख. हा क्लोरोसल्फोनिक अॅसिडचा. ४डब्ल्यूई हा हॅझकेम कोड, तो आमच्यासाठीच असतो. पहिला आकडा काय मारायचं ते सांगतो. १ आणि २ म्हणजे पाण्याचा फवारा, १ जाड २ बारीक, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडं काहीतरी, पाणी लावायचं नाही. मग अक्षर. डब्ल्यू म्हणजे पूर्ण अंगाचा केमिकल सूट आणि श्वासाचा बीए सेट घातल्याशिवाय जवळ जायचं नाही, माल जोरात रिअॅक्ट होऊ शकतो, आणि तो वाहून घालवायचा नाही, आहे तिथे अडवायचा. शेवटी ई असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार करा.

गंमत बघा. याच हायवेवर साध्या सल्फ्युरिकचे टँकर दिवसभर जातात. तोच काळापांढरा चौकोन, तेच हातावर ओतायचं चित्र. यूएन १८३०, कोड २पी. तिथे बारीक फवारा चालतो आणि पातळ करून वाहून घालवता येतं. लांबून दोन्ही टँकर सारखेच दिसतात आणि करायचं मात्र बरोबर उलट.

अजून एक, यात शिकलेले लोकही फसतात. पाण्याशी पेट घेणाऱ्या मालाला निळा चौकोन असतो, त्यात ज्वाळा. सोडियम, कॅल्शियम कार्बाईड वगैरे. लोक म्हणतात निळं नाही ना, मग मारा पाणी. पण निळा चौकोन फक्त पाण्याने पेटणारा गॅस सोडतात त्यांचा. ओलियम (धूर सोडणारं जास्त तीव्र सल्फ्युरिक), क्लोरोसल्फोनिक, थायोनिल क्लोराईड हे विषारी धूर सोडतात, ते अॅसिडच्या काळ्यापांढऱ्यात बसतात. फॉस्फरस ट्रायक्लोराईडला तर कवटी असते. म्हणून रंगावर जाऊ नका, तो पहिला आकडा बघा.

प्लांटवाली | सकाळी ११:२०

काकांशी शब्दनशब्द सहमत. मी डाय इंटरमीडिएटवाल्या (रंगांचा कच्चा माल) प्लांटमध्ये बारा वर्षं आहे, हा माल रोजचा. आम्ही त्याला नुसतं क्लोरो म्हणतो.

पाणी पडलं की त्याचं सल्फ्युरिक अॅसिड होतं आणि हायड्रोजन क्लोराईड गॅस सुटतो. हिशेब करून बघा, एक किलो क्लोरोमधून ३०० ग्रॅमच्या वर गॅस निघतो, म्हणजे दोनशे लिटरचा अख्खा ड्रम भरेल एवढा. एका किलोतून! टँकरमध्ये वीस टन असेल तर सहा टन गॅस. शिवाय क्लोरो पाण्याच्या पावणेदोनपट जड, बादली ओतली की पाणी वर तरंगतं, मधल्या थरात एवढी उष्णता तयार होते की पाणी उकळतं आणि उकळणारं पाणी अॅसिड घेऊनच उडतं. त्या पोराच्या हातावर उडालं ते हेच.

भरलेल्या टँकरपेक्षा मला रिकाम्याची भीती जास्त वाटते. एका ठिकाणी (कुठे ते विचारू नका) डिस्पॅचचा नवीन पोरगा रिकामा टँकर धुवायला गेला. रिकामा म्हणजे काय, तळाला चाळीसेक लिटर असतंच. वरचं मॅनहोल उघडून होज आत सोडला. बंद पोटात तो गॅस जाणार कुठे, मॅनहोलमधून तोफेसारखा वर आला. पोरगा वाचला कारण तो शिडीवरून पडला, चक्क पडला म्हणून वाचला, पाय मोडला फक्त. तेव्हापासून आमच्याकडे होजच्या नळावर कुलूप आहे, चावी शिफ्ट इनचार्जकडे. आत पाणी गेलेलं अॅसिड लोखंडही खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो, तो पेटणारा, ते वेगळंच.

रिकामटेकडा७७ | दुपारी १२:०१

मग काय दुधाने धुवायचं का? सिरीयसली विचारतोय, पाणी नाही तर फायर ब्रिगेड आणणार काय? फोम?

जुना_फायरमन | दुपारी १२:४०

फोममध्ये ९४ ते ९७ टक्के पाणीच असतं राजा.

कोरडी रेती. भरपूर. आधी लांबून गोल बांध घालायचा, म्हणजे माल गटारात, ओढ्यात उतरू नये, मग कडेकडेने वर रेती. आणि कोरडी म्हणजे कोरडी, हे कोकणात सांगणं सोपं आहे. आम्ही एकदा मागवली तर खाडीची आली, ओलीचिंब, वर शिंपले. ओल्याने धूर आणि शिंपल्यांनी फेस. डंपर तसाच परत पाठवला आणि सिमेंटच्या दुकानातून गोणीतली रेती आणली. भुसा तर चुकूनही नाही, जळून काळा होतो, पेटूही शकतो.

चुन्याचंही तेच. कुणीतरी शहाणा पोतं घेऊन येतोच. कळीचा चुना स्वतःच पाण्याने तापतो, आणि अॅसिडच्या डबक्यावर कुठलाही चुना किंवा सोडा एकदम टाकला की उसळतं. आधी रेतीत मुरवायचं, मग सावकाश, कडेने, सूट घातलेल्या माणसाने. घाई इथे नडते.

राईनकाठी | दुपारी २:१५

जर्मनीतून. इथे टँकरला नारिंगी पाटी असते, खाली तोच यूएन नंबर आणि वर धोक्याचा आकडा. क्लोरोसल्फोनिकला एक्स८८, ओलियमला एक्स८८६. पुढे एक्स आला की पाण्याला हात लावायचा नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटोबानवर कंटाळला की एक्सवाले टँकर मोजतो.

इथल्या केमिकल कंपन्यांनी १९८२ पासून मिळून एक व्यवस्था ठेवली आहे, टुइस म्हणतात. अपघात कुणाच्याही टँकरचा असो, जवळच्या कंपनीची माणसं फोनवर सल्ला देतात, लागलं तर स्वतःचं सामान घेऊन येतात. तिकडे असं काही आहे का?

प्लांटवाली | दुपारी ३:०२

आहे की. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मार्ग नावाचा म्युच्युअल एड ग्रुप आहे, अशा गटात कंपन्या एकमेकींना बीए सेट, सूट, माणसं देतात. पण तो एमआयडीसीच्या हद्दीत शोभतो. घाटातल्या वळणावर पहिला अर्धा तास कोण असतं? भजीवाला, एसटीचा कंडक्टर आणि आपले घाटमाथा. एनडीआरएफची तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, उत्तम ट्रेनिंग आहे त्यांचं, पण तिथून कशेडी म्हणजे बघा नकाशात.

चिपळूणचा_वेल्डर | संध्याकाळी ५:४८

मी काय शिकलेला नाय पण एक सांगतो. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा माझ्या दुकानात कार्बाईडचा डबा होता, गॅस वेल्डिंगचा. २२ तारखेला पहाटे पाणी शिरलं, आम्ही माळ्यावर. खाली अंधारात बुडबुड बुडबुड आवाज आणि लसणीसारखा वास. धाकटा म्हणतो दादा मेणबत्ती लावतो. मी अशी थोबाडीत दिली त्याला. अॅसिटिलीन होता तो, दुकान छपरासकट गेलं असतं. दोन तास काळोखात बसलो, खिडकीची फळी काढून. धाकटा अजून ती थोबाडीत काढतो प्रत्येक गणपतीत.

आता डबा माळ्यावर ठेवतो आणि आम्ही खाली झोपतो.

(आंबे पिकवायला हाच कार्बाईड वापरत्यात लोक, बंदी हाय तरी. त्यांच्या गोदामात पाणी शिरलं की कळेल.)

वकीलीणबाई | संध्याकाळी ७:१५

माझ्या पेशाकडून थोडी भर. आपल्याकडचा मोठा कायदा अशाच एका धुरातून आला. ४ डिसेंबर १९८५, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्समधून ओलियम गळलं, भोपाळला नुकतं वर्ष झालं होतं. तीस हजारी कोर्टातल्या एका वकिलाचा मृत्यू झाला. एम. सी. मेहता यांची याचिका आधीच सुप्रीम कोर्टात होती, त्यातूनच १९८६ मध्ये 'अॅब्सोल्यूट लायबिलिटी'चं तत्त्व आलं. घातक धंदा करणाऱ्याने "आम्ही काळजी घेतली होती" म्हणून सुटायचं नाही.

भोपाळसुद्धा पाण्याचीच गोष्ट. ६१० नंबरच्या टाकीत ४० टनांच्या वर मिथाइल आयसोसायनेट होतं, त्यात पाणी गेलं. ते कसं गेलं यावर अजून भांडतात, पण गेलं यावर वाद नाही. आणि गॅस बाहेर पडत होता त्या उंच पाइपपर्यंत कारखान्याच्या पाण्याचे फवारे पोचले नाहीत. आत नको तिथे पाणी, बाहेर हवं तिथे नाही.

जुना_फायरमन | रात्री ८:३०

ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पाण्याचा एक उपयोग राहतोच. गळतीवर नाही, गळतीपासून लांब, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला बारीक फवाऱ्याची भिंत उभी करायची. हायड्रोजन क्लोराईड पाण्यात चटकन विरघळतो, धूर त्या भिंतीत धुतला जातो. फक्त ते पाणी उताराने परत डबक्याकडे येणार नाही ना हे बघायला एक माणूस लागतो, आणि खाली जमलेलं पाणी अॅसिडचं असतं, तेही अडवायचं. घाटात उतार, त्यात जांभा, झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत जायला वेळ लागत नाही.

आणि पाऊस! पुस्तकं सगळी कोरड्या देशांत लिहिल्यासारखी वाटतात. तरी अमेरिका-कॅनडावाल्यांच्या त्या इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुकमध्ये एक ओळ आहे, थोडी सांडलवंड असेल तर रेती टाकून वर प्लॅस्टिक शीट घाला, पाऊस लागू देऊ नका. फुकट मिळतं ते, फोनवर अॅप आहे, यूएन नंबर टाकला की पान उघडतं. त्याच्या हिरव्या पानांत पाण्यात सांडल्यावर विषारी गॅस सोडणाऱ्या मालांची वेगळी यादीच आहे. पण मोठा टँकर फुटला आणि वरून आषाढ कोसळतोय, तर शीट कुठवर पुरणार. तेव्हा माणसं हलवणं एवढंच हातात असतं. खोटं कशाला सांगू.

सामान्य माणसासाठी माझं एवढंच. सुरुवातीला निदान ५० मीटर मागे, वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि चढावर. धूर दरीत उतरतो, तुम्ही उतरू नका. ११२ लावा आणि पाटीवरचे दोन आकडे वाचून दाखवा, जवळ जाऊन नाही, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून. ड्रायव्हर शुद्धीत असेल तर त्याचं ऐका. या मालाच्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेला कागद. जमलेल्या पंधरा जणांत खरी माहिती असलेला तो एकटाच होता.

रिकामटेकडा७७ | रात्री ८:५१

हे शेवटचं वाचून कसंतरी झालं. आपण कोणीच त्याचं ऐकलं नसतं, मी पण नाही.

डॉ_रात्रपाळी | रात्री १:२०

ड्युटीवर आहे, तुकड्यातुकड्यात लिहिते.

हात. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही नाही. भिजलेला कपडा आधी काढा, अंगठी-घड्याळ-दोरा काढा, त्याखाली अॅसिड अडकतं. जास्त लागलं असेल तर कोरड्या फडक्याने झटकन टिपून घ्या, चोळू नका, त्यात वेळ घालवू नका. मग वाहतं पाणी, किमान २० मिनिटं, घड्याळ लावून. "मग रिअॅक्शन होणार नाही का?" होणार, पण बादलीभर अॅसिडवर तांब्याभर पाणी आणि चार थेंबांवर नळ सोडणं यात फरक आहे. नळ उष्णता पण वाहून नेतो. कमी पाणी वाईट, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका, धो धो सोडा. डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून तसंच.

सोडियमसारखा घट्ट तुकडा असेल तर आधी कोरडा झटकायचा किंवा चिमट्याने काढायचा, मग पाणी.

आता छाती. धूर छातीत गेलेला माणूस तासाभराने "मी ठीक आहे" म्हणून घरी जातो. फुप्फुसात पाणी भरायला कधीकधी अनेक तास लागतात. खोकला, घरघर, दम असेल तर रात्रभर तरी नजरेखाली हवा. घाटमाथा, तुम्हीही घसा खवखवला म्हणालात. आता कसं आहे?

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ७:५०

मी ठीक, डॉक्टर. दोन दिवस आवाज बसला होता, सौ.ना बरं वाटलं.

एक शंका. ओला रुमाल नाकाला लावा म्हणतात. हा माल पाण्याशी भांडतो तर ओला रुमाल कसा चालेल?

डॉ_रात्रपाळी | सकाळी ९:३०

तुमच्यापर्यंत पोचतो तो धूर हवेतल्या दमटपणाशी भांडून झालेला असतो. बराचसा हायड्रोजन क्लोराईड आणि अॅसिडचं धुकं. ते ओल्या कापडात थोडं अडकतं. तिथून बाहेर पडायला तेवढं पुरतं. रुमाल बांधून आत शिरायला नाही.

राईनकाठी | दुपारी १:०५

आधी लिहायचं राहिलं. हे आपल्याच देशात होतं असं नाही. १९९३ च्या जुलैत कॅलिफोर्नियात रिचमंडला ओलियमची रेल्वेची टाकी जास्त तापवली गेली आणि सुटली, वीस हजारांहून जास्त लोक दवाखान्यात गेले होते.

वाखूसा (वाचनखूण साठवली), बाकी.

घाटमाथा | शनिवार, रात्री १०:१५

काल पुन्हा त्या हॉटेलात गेलो. पोराचा हात भरतोय, पण अंगठ्याच्या मुळाशी चिरमुऱ्याएवढे चार डाग काळे आहेत, ते राहतील म्हणतायत. बादली त्यानेच ओतलेली म्हणून मालक त्याच्यावर अजून वैतागलेला. मी मालकाला सगळं समजावलं, त्याने ऐकून घेतलं आणि भजीचे पैसे घेतले नाहीत.

चहा पिता पिता बाहेर उभ्या टँकरच्या पाट्या बघितल्या. सात होते. एक दुधाचा, दोन डिझेलचे. उरलेल्या चारांतल्या दोघांच्या पाट्या चिखलाने पूर्ण झाकलेल्या. एका ड्रायव्हरला म्हटलं भाऊ पुसू का, तो हसला, म्हणाला पुसो, पोलिसवाले भी नहीं पढ़ते. सौ.च्या ओढणीने पुसली (घरी त्यावरून झालं व्हायचं ते). ४डब्ल्यूई. यूएन १८३१. प्लांटवाली ताई, हे ओलियम ना?

प्लांटवाली | रात्री १०:२२

हो. ओढणी कोरडी होती का?

घाटमाथा | रात्री १०:२४

नाही हो. पाऊस होता. पण नुसती पाटीच पुसली, व्हॉल्व्हला हात लावला नाही.

प्लांटवाली | रात्री १०:२५

मग चालेल. धुऊन टाका ती, आणि हातही.